समोरून पाहिलेले दिवे

जुन्नरहून आलो म्हटलं की आमच्या सांगोल्यात दोन प्रश्न ठरलेले. द्राक्षं आणली का, आणि बिबट्या दिसला का. द्राक्षांचा हंगाम यायचा होता आणि बिबट्यानं दर्शन दिलं नाही. मी गेलो होतो ट्रकला जादा दिवे बसवायला. यावर लोक हसतात. दिवे काय सांगोल्यात बसत नाहीत?

बसतात. पण झालं असं, की यंदापासून पोरगा ट्रक चालवणार. दिवे त्यानंच मागवले, ताटलीएवढे गोल, पांढऱ्या उजेडाचे. बरोबर आलेली ब्रॅकेटं आमच्या बंपरला बसेनात. भोकं जुळत नव्हती, आणि ओढूनताणून बसवलं तर दिवा गाढवाच्या कानासारखा हलायचा. एका ओळखीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, जुन्नर तालुक्यात निमगाव सावाला मिलिंद म्हणून फॅब्रिकेटर आहे, तो ब्रॅकेट कापून, वाकवून गाडीच्या मापाचं करून देतो. मी म्हटलं, मी जातो. पोरगा बघतच राहिला. कारण जुन्नर-आंबेगावचं भाडं मी अकरा वर्षं घेतलेलं नव्हतं. कांदा असो, टोमॅटो असो, "तिकडचं नको" एवढंच म्हणायचो.

का, ते कधी सांगितलं नाही. अकरा वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्दच्या अलीकडे, कालव्याच्या पुलाजवळ, पहाटेच्या धुक्यात माझ्या दिव्यांनी एक मोटरसायकल रस्त्याखाली गेली. मी खाली उतरून पाहिलं नाही. तो माणूस जगला का मेला, हे मला माहीत नव्हतं. आता त्याच ट्रकवर तसलेच दिवे लावून पोरगा निघणार होता. दिवे हे निमित्त. मला तो माणूस शोधायचा होता आणि तोंड उघडायचं होतं. ते जमेल याची खात्री नव्हती. घरातून निघताना तर अजिबात नव्हती.

शुक्रवार, निमगाव सावा

पुण्यापर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. नारायणगाव सोडून पूर्वेला आत वळलो आणि काच खाली केली. आमच्याकडे पाणी बघायला जातात, इथं पाणी ओलांडून जातात. दर थोड्या अंतरावर पाट नाहीतर कालवा. दोन्हीकडे ऊस, मध्ये द्राक्षबागा, कांद्याची निळसर रोपं. माझा वेग आपोआप कमी झाला. एका बांधावर बाई गवत कापत होती आणि बिबट्यानं मान धरू नये म्हणून तिच्या गळ्यात पट्टा होता, बाहेरच्या बाजूनं खिळे असलेला. आमच्याकडे असा पट्टा धनगराच्या कुत्र्याला असतो. बाई मात्र तो मंगळसूत्रासारखा सहज घालून वाकली होती.

मिलिंदचं शेड गावाबाहेर, घराला लागूनच. मी ट्रक मागं घेताना काहीतरी करकरलं. उतरून पाहिलं तर नवी विणलेली बाज चाकाखाली.  आतून एक चाळिशीतला, सडपातळ, कपाळावर चष्मा चढवलेला माणूस आला. त्यानं बाजेकडे पाहिलं, मग नंबरप्लेटकडे.

"सोलापूरकडचं पावणं दिसतंय. बरं झालं, पायगुण कळाला."

"मी भरून देतो, मिलिंदभाऊ."

"मला काय, रातच्याला तुमीच झोपणार व्हता तिच्यावर."

दिव्यांबरोबर आलेली ब्रॅकेटं त्यानं हातात घेऊन दोन बोटांनी वाकवून पाहिली. वाकली. "हे फटफटीचं सामान," म्हणाला आणि कामाला लागला. मी आयुष्यभर गाड्यांची कामं करून घेतली आहेत. बहुतेक मिस्त्री आधी हातोडा उचलतात. हा आधी बंपरखाली उताणा झोपला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग खडूनं चेसिसवर खुणा केल्या. त्या ब्रॅकेटांचे फक्त दिवा धरणारे कान ठेवले, बाकी कापून टाकलं. त्यांच्या जागी जाड लोखंडी पट्टी वाकवून जोडली, मागून तिरका आधार दिला, आणि चेसिसला जिथं बसणार तिथं ट्रकच्या जुन्या रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे हादरा दिव्यापर्यंत जाऊ नये. गोल भोकाऐवजी लांबट खाच पाडली. दिवा डावीउजवीकडे सरकवता येईल, खालीही झुकवता येईल. वरच्या बाजूला मात्र त्यानं लोखंडाचा एक छोटा ठोकळा वेल्डिंग केला आणि त्याला बोल्टाचं भोक ठेवलं.

"हा कशाला?"

"दिवा वर व्हऊ नये म्हणून अडणी. मी बरोबर लावून देतो, आन् लोकं पुढच्या ढाब्यावर पाना घिऊन दोन बोटं वर करत्यात. का तर लांबचं दिसाय पायजे. बिबट्या दिसाय पायजे. राव, बिबट्या रस्त्यानं चालतो, आभाळातनं न्हाई."

मी हसलो.  अकरा वर्षांपूर्वी ढाब्यावर पाना घेऊन दोन बोटं वर करणारा माणूस त्याच्यासमोरच उभा होता.

रात्री मिलिंदच्या घरी वहिनींनी मासवडी केली. नावात मासा आहे म्हणून मी, शुक्रवार आहे, असं पुटपुटलो. वहिनी म्हणाल्या, "बेसनाची हाय ओ. खावा." बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरून गुंडाळलेली वडी, आणि बरोबर असा रस्सा की नाकाडोळ्यांत एकदम पाणी. आमच्या शेंगाचटणीला मी तिखट म्हणायचो, ते शब्द मागं घेतो. झोपलो ट्रकच्या केबिनमध्ये. बाज नव्हती.

शनिवार, लेण्याद्री

रंग वाळेपर्यंत काम नव्हतं. मिलिंद म्हणाला, "चला, लेण्याद्रीला जाऊन येऊ. आलाच हायत तर."

त्याच्या मोटरसायकलवर मागं बसलो. पायथ्यापासून वर पाहिलं तर डोंगराच्या कपाळावर ओळीनं दारं. चढताना माकडानं माझ्या हातातली प्रसादाची पिशवी इतक्या हक्कानं काढून घेतली की मीच त्याला सॉरी म्हणालो.

"गणपती तुमचा," मिलिंद एका पायरीवर टेकून म्हणाला. "आजूबाजूची लेणी आमच्या बुद्धाची. पायऱ्या दोघांच्या. दम बी दोघांला लागतो."

गणपतीच्या मंडपात पाऊल ठेवलं आणि थांबलो. एवढं मोठं दालन आणि मध्ये एकही खांब नाही. अख्खा डोंगर डोक्यावर, आणि खाली आधार काहीच नाही. एवढ्याशा ब्रॅकेटला तिरका आधार देणाऱ्या माणसाबरोबर मी आलो होतो. तोही टोपी काढून वर बघत होता. आत दिवा नव्हता, तरी उजेड होता. दारातून आलेला, मऊ, कुणाच्या डोळ्यावर न येणारा. ज्यांनी हे कोरलं त्यांनी आधी उजेड कुठून येईल ते बघितलं असणार, मग छिन्नी उचलली असणार. शेजारच्या लेण्यातल्या स्तूपापुढं मिलिंदनं हात जोडले. त्याच्या शेजारी मीही जोडले. काय मागायचं ते सुचलं नाही. खाली कुकडीचं खोरं पसरलं होतं, पार शिवनेरीपर्यंत, आणि मी बाहेरच्या कट्ट्यावर बराच वेळ बसलो. सांगायचं तर इथंच सांगावं, असं वाटलं. सांगितलं नाही. मिलिंद म्हणाला, "चला, रंग वाळला असंल."

शनिवार, दिवस मावळताना

दिवे बसले. मी चावी मागितली.

"आसं न्हाई जायचं. आमच्यात एक रिवाज हाय," मिलिंद म्हणाला. "मालक आधी समोर बसतो. मग गाडी न्यायची."

शेडसमोर सरळ जाणारी शिवेची वाट होती. शंभरेक पावलांवर एक जुनी फटफटी विटांवर उभी केलेली, चाकं नसलेली. तिच्यावर मला बसवलं, हँडल धरायला लावलं. अंधारून आलं होतं. मिलिंद ट्रकमध्ये चढला आणि ओरडला, "आधी लोकं लावत्यात तसं दावतो. अडणीचा बोल्ट अजून घातला न्हाई. मग आपलं."

आणि त्यानं दिवे लावले.

पंचवीस वर्षं मी त्या उजेडाच्या मागं बसलोय. समोर कधी बसलो नव्हतो. मला वाटलं होतं, डोळे दिपतील. दिपणं हा शब्द खोटा आहे. आधी वाट गेली. मग बांध गेला, झाडं गेली, हँडलवरचे माझे स्वतःचे हात गेले. ट्रकचं इंजिन ऐकू येत होतं पण ते कुठल्या बाजूला आहे ते कळत नव्हतं. विटांवर उभ्या असलेल्या, हलूच न शकणाऱ्या गाडीवरून मी पडतोय असं वाटलं आणि मी दोन्ही पाय जमिनीला टेकवले.

मग दिवे विझले, मिलिंदनं उतरून ते खाली झुकवले आणि पुन्हा लावले. या वेळी उजेड वाटेवर सतरंजीसारखा पसरला. खडे दिसले, चाकोरी दिसली, ट्रक दिसला, त्याचा नंबर वाचता आला. तेच दिवे. फरक दोन बोटांचा.

मिलिंद चालत आला तेव्हा मी तिथंच बसलेलो. कसं सुरू केलं आठवत नाही. एवढं आठवतं की एकदा सुरू झाल्यावर गाळलं काही नाही. दिवे मीच वर केले होते. समोरून मोटरसायकल आली, तिनं डिपर मारला, एकदा, दोनदा. बटण माझ्या बोटाजवळ होतं. मला राग आला. हा फटफटीवाला मला शिकवतोय, असा. म्हणून बंद केले नाहीत. ती शेजारून गेली ती रस्त्याखालीच. आरशात पाहिलं तर मागच्या दिव्याच्या तांबड्या उजेडात रस्त्यावर फुलं पसरली होती, शेवंतीची. पुढं जाऊन ट्रक उभा केला, पण उतरलो नाही. दोन मिनिटं असेन. मग गिअर टाकला.

मिलिंद बांधावर बसला. "तुमीच पहिले न्हाई," म्हणाला. "ह्या सीटवर बसल्यावर बरीच जणं बोलत्यात. येक तर खाली उतरंच ना."

"मग तुम्ही काय करता?"

"मी वेल्डर मानूस. च्या पाजतो. पर येक इचारतो, जागा ध्यानात हाय का? बहुतेक म्हणत्यात, न्हाई."

"मला आहे."

"मग सकाळी जाऊ."

रविवार, अवसरी खुर्द

ट्रक घेऊनच गेलो. कालव्याचा पूल तोच. पुलाजवळ आता चहाची टपरी होती आणि कॉलेजची पोरं वडापाव खात होती. मिलिंदनं टपरीवाल्याला विचारलं, धा-अकरा वर्षांमागं इथं पहाटं फुलवाला पडला होता, त्याचं काय झालं?

"इथं काय येकच पडलाय का?" टपरीवाला म्हणाला. मग थांबून, "शेवंतीवालं? नवराबायको? ते एकनाथभाऊ. हायत की. कालव्याच्या कडंनं जावा, तिसरं घर."

जिवंत आहेत, हे कळलं. आणि 'नवराबायको' कानात अडकून राहिलं. मी एकाच माणसाला अकरा वर्षं आठवत होतो. मागं कुणी बसलं होतं हे मला माहीतच नव्हतं.

घरासमोर शेवंतीचा वाफा. पडवीत चुलीपुढं एक पन्नाशीचा माणूस भाकरी थापत होता. आमच्याकडे बाप्या चुलीपुढं बसला की घरात बाई बाळंत आहे असं समजतात. याचा हात मात्र सराईत होता. भाकरी परातीत चाकासारखी फिरत होती. शेजारी बायको उजव्या हाताचं कोपर मांडीवर ठेवून बसलेली. ते कोपर सरळ होत नव्हतं, हे ती उठली तेव्हा दिसलं.

"हे सांगोल्याचं पावणं," मिलिंद म्हणाला. "ह्यांला तुमाला कायतरी सांगायचंय. आधी आईकून घ्या, मग काय ते बोला."

उभ्यानंच सांगितलं. फुलांपर्यंत. दोन मिनिटांपर्यंत. गिअरपर्यंत.

एकनाथभाऊंनी थापणं थांबवलं नव्हतं. "तुमचा कायतरी घोटाळा व्हतोय," ते शांतपणे म्हणाले. "मला झोप लागली व्हती. मला त्या दिसाचं काय आठवत न्हाई, पर समद्या गावाला म्हायतीय. ब्रेक दाबल्याची खूण नव्हती रस्त्यावर. मी झोपलो, आन् हिचा हात गेला."

 हा माणूस माझा गुन्हा स्वतःच्या नावावर करून घेऊन बसला होता. आणि त्याची फेड म्हणून अकरा वर्षं भाकऱ्या थापत होता.

त्यांची बायको, हिराबाई, माझ्याकडे टक लावून बघत होती. "ट्रकाचं दिवं कसं व्हतं?" तिनं विचारलं.

"कडेला दोन, पिवळे. ते हेडलाइट. मध्ये दोन पांढरे. आमच्या मिस्त्रीनं एकाच पट्टीवर दोन्ही मारले होते, म्हणून एकमेकाला चिकटून होते."



"डोळ्यावानी," ती म्हणाली. "मी पहिल्या दिसापास्नं म्हणत व्हते, समोरनं डोळ्यावानी दोन पांढरं आलं, मंग आमी पडलो. लोकं म्हणली, तू बिबट्या बघितला. उसात पडल्यावर बघितला, आन् भ्याल्यामुळं आधीचं नंतरचं येक झालं. दवाखान्यात बघाया येणारं परत्येक मानूस मला बिबट्याच इचारायचं. मी म्हणले, त्याला आवाज व्हता, इंजिनाचा. तर म्हणली, नवऱ्याची झोप झाकती."

एकनाथभाऊंच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"दादास्नी बोलवा," हिराबाई म्हणाली.

दादा म्हणजे थोरले दीर, शेजारच्याच घरात. ते आले, मागोमाग त्यांची बायको आली, अजून दोघं आली. "आता परत सांगा," हिराबाईनं मला सांगितलं. "समदं. दिवं कसं व्हतं ते बी."

पहिल्यांदा सांगणं सोपं होतं, हे मला दुसऱ्यांदा सांगताना कळलं. पाच-सहा माणसांसमोर 'राग आला म्हणून बंद केले नाहीत' हे वाक्य मला दोनदा सुरू करावं लागलं. पण ती माझ्याकडे नव्हतीच बघत. ती ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघत होती.

थोरले खाली बघत म्हणाले, "आमी म्हणलो बिबट्या."

"म्हणला व्हता," हिराबाई म्हणाली. एवढंच.

मी म्हणालो, पोलिसांत यायचं असेल तर आत्ता येतो. हात कुठं दाखवायचा असेल तर मी नेतो, म्हणाल तिथं.

"त्यानं कोपर सरळ व्हईल का?" एकनाथभाऊंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"काय करायचं ते मी ठरवीन," हिराबाई म्हणाली. "नाव, पत्ता, फोन, गाडीचा नंबर, समदं लिहून द्या. आज जेवा म्हणणार न्हाई. पर आला ते बरं केलं."

मी लिहून दिलं. तिनं कागद घडी करून चोळीत ठेवला. हे लिहीपर्यंत तिचा फोन आलेला नाही. येईल तेव्हा जाईन. घरी आल्यावर बायकोला आणि पोराला सगळं सांगितलं आहे, म्हणून आता इथंही लिहितो.

आम्ही निघालो तर ती म्हणाली, "थांबा. आमाला बी मंचरला जायचंय, भनीकडं." मग नवऱ्याकडे वळून, "दादांची गाडी घ्या."

"येष्टीनं जाऊ की," एकनाथभाऊ म्हणाले.

"येष्टीनं लई गेलो. गाडी घ्या."

 अकरा वर्षांत त्यांनी मोटरसायकलला हात लावला नव्हता, हे थोरल्यांनी मला नंतर, गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा सांगितलं. एकनाथभाऊंनी उठून हाताचं पीठ धुतलं, नखांतलं सुद्धा, अगदी सावकाश. दोनदा गाडी बंद पडली. थोरले शिकवायला पुढं झाले तर हिराबाई म्हणाली, "त्यांस्नी येतंय." तिसऱ्यांदा सुरू झाली. ती मागं बसली, चांगला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि ते निघाले, आधी पाय जमिनीवरून घासत, मग एक पाय वर, मग दुसरा.

कालव्याच्या कडेची वाट अरुंद. ट्रक त्यांच्या मागंच घ्यावा लागला. पुढं डांबरी लागली, रुंद झाली, तरी मी मागंच राहिलो. सकाळचं ऊन त्यांच्या पाठीवर होतं. वळणावर ते डगमगले, तिची पकड घट्ट झालेली मला काचेतून दिसली, आणि गाडी पुन्हा सरळ झाली. समोरून येणारे ट्रक शेजारून जात होते. दर वेळी माझा पाय ब्रेककडे जात होता. ती दोघं पुढं जात होती.

मागून दोन गाड्यांनी मला हॉर्न दिले. मिलिंद खिडकीतून हात काढून त्यांना पुढं जायला सांगत होता. मंचरचा फाटा येईपर्यंत मी तिसऱ्याच्या वर गिअर टाकला नाही.